आडवळणाचं संगीत कसं शोधायचं? नाशिकमधल्या नव्या श्रोत्यांसाठी

ॲप आपल्याला गाणी कशाच्या आधारावर सुचवतं, हे आधी समजून घ्या. स्पॉटिफाय असो की यूट्यूब, मुख्य हिशेब सारखाच असतो: तुम्ही जे ऐकता, ते ऐकणारे बाकीचे लोक आणखी काय ऐकतात. ज्या कलाकाराला ऐकणारेच मूठभर, त्याच्याबद्दल यंत्राकडे माहिती नसते. माहिती नाही म्हणून तो सुचवला जात नाही, आणि सुचवला जात नाही म्हणून त्याचे श्रोते वाढत नाहीत. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला की, आधीच्या बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला पैसेच द्यायचे नाहीत. नायजरमधला गिटारवाला किंवा सुरगाण्यातला पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा आपोआप तुमच्या कानावर पडेल, ही आशा त्यामुळे सोडून द्यावी. त्याच्यापर्यंत आपणच जायचं.

जायचं कसं, तर नात्यानात्याने. कुठल्याही गाण्यामागे माणसं असतात: साथीला कोण बसलंय, शिकवलं कुणी, वाद्य कुठलं, गाव कुठलं, रेकॉर्ड काढली कुणी. यातला कुठलाही एक धागा धरला तरी अनोळखी कलाकारांपर्यंत पोचता येतं. आपल्या बैठकीत नवा गवई रंगला की शेजारचा हमखास विचारतो, 'कुणाचे शिष्य?' हीच सवय जगभरच्या संगीताला लावायची आहे. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करून बघा. पहिल्या दोन पायऱ्यांना घाई करू नका.

पहिली पायरी: एक आवडतं नाव घ्या आणि त्याच्या शेजारी बसलेले बघा

सुरुवात ओळखीच्या माणसापासून करा. झाकीर हुसेन घेऊ. १९९१ साली अमेरिकन ड्रमर मिकी हार्ट यांनी 'प्लॅनेट ड्रम' नावाचा अल्बम काढला. 'वर्ल्ड म्युझिक' या विभागातलं पहिलं ग्रॅमी याच अल्बमला मिळालं. तबल्यावर झाकीरभाई आहेत, म्हणून आपण तो ऐकतो आणि तिथेच थांबतो. थांबू नका. श्रेयनामावली उघडा. घटमवर विक्कू विनायकराम आहेत. नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी आणि सिकिरू अडेपोजू आहेत. पोर्तो रिकोचे जोव्हानी इदाल्गो कोंगा वाजवतायत. ब्राझीलचे आयर्तो मोरेरा आहेत आणि त्यांच्या पत्नी, गायिका फ्लोरा पुरीम आहेत.

आता यातलं एकच नाव पकडा. अडेपोजू जे वाजवतात तो 'टॉकिंग ड्रम'. मधे बारीक, दोन्ही तोंडांना चामडं आणि भोवती दोऱ्या. काखेत धरून दोऱ्या दाबल्या की सूर चढतो, सोडल्या की उतरतो. योरुबा भाषेत सुराच्या चढउतारावर शब्दाचा अर्थ ठरतो, म्हणून या वाद्यावर माणसांची नावं आणि म्हणीसुद्धा 'बोलता' येतात. केरळातला इडक्का ज्यांनी ऐकलाय त्यांना ही जात लगेच कळेल. नायजेरियातलं फुजी आणि जुजू संगीत इथून एका पावलावर आहे, आणि त्यात अशा वादकांची फौजच्या फौज आहे.

किंवा आयर्तो पकडा. १९६७ साली ब्राझीलमध्ये 'क्वार्तेतो नोव्हो' नावाच्या चौघांच्या संचाने एकच अल्बम केला. त्यात आयर्तो होते आणि पुढे फार मोठे झालेले एर्मेतो पास्कोआल होते, ज्यांनी किटलीपासून खेळण्यांपर्यंत कशातूनही संगीत काढलं. पण त्याच संचात एराल्दो दो मॉन्ते नावाचा गिटारवादक आहे. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या लोकधुना तो ज्या सहजतेने वाजवतो, ते ऐकून मला नेहमी वाटतं की हा माणूस घराघरात माहीत असायला हवा होता. झाकीर हुसेनपासून एराल्दोपर्यंत दोनच उड्या झाल्या, आणि एकही उडी ॲपने सुचवलेली नाही.

ही नामावली मिळते कुठे? 'डिस्कॉग्ज' या संकेतस्थळावर. २००० साली सुरू झालेला हा रेकॉर्ड, कॅसेट आणि सीड्यांचा अवाढव्य कोश आहे, लोकांनीच भरलेला. अल्बमचं पान उघडून खाली 'क्रेडिट्स'पर्यंत जा आणि कुठल्याही वादकाच्या नावावर टिचकी मारा. त्याने जिथे जिथे वाजवलंय त्याची यादी समोर येते. देश, वर्ष, शैली असं गाळूनही बघता येतं. स्पॉटिफायमध्येही गाण्याशेजारच्या तीन टिंबांत श्रेयनामावली असते, पण ती बहुतेकदा अर्धवट.

दुसरी पायरी: गुरूची वाट

शास्त्रीय संगीतात हा रस्ता सगळ्यात पक्का आहे, आणि नाशिककरांना तर घरातूनच सुरू करता येतो. विष्णू दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात इथे रामनाम आधार आश्रम काढला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे डी. व्ही. पलुस्कर, यांचा जन्म १९२१ सालचा, नाशिकचाच. 'बैजू बावरा'मधली अमीर खाँसाहेबांबरोबरची त्यांची जुगलबंदी सगळ्यांनी ऐकलेली असते. १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले, हे कमी जणांना माहीत असतं.

त्यांच्यापासून मागे चला. वडील लवकर गेल्यामुळे त्यांना शिकवलं विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यासांनी. हे दोघे विष्णू दिगंबरांचे शिष्य, आणि विष्णू दिगंबरांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, ज्यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली. आता इथून दुसऱ्या फांदीने खाली उतरा. बाळकृष्णबुवांचे आणखी एक शिष्य अंतूबुवा जोशी. त्यांचे पुत्र गजाननबुवा जोशी गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे, दोन्हींत सारखेच पोचलेले. गजाननबुवांचं व्हायोलिन पहिल्यांदा ऐकताना ते वाद्य युरोपातून आलंय हे विसरायला होतं. आज त्यांच्या शिष्यांपैकी उल्हास कशाळकर सगळ्यांना ठाऊक आहेत; गुरूंचं नाव मात्र नव्या श्रोत्यांच्या यादीत क्वचितच दिसतं.

वंशवृक्ष कागदावर काढा. खरंच काढा. प्रत्येक नावाखाली एक तरी ध्वनिमुद्रण ऐकल्याची खूण करा. साथीदारांसाठी दुसरा कागद घ्या: कुमार गंधर्वांच्या तबल्याला वसंतराव आचरेकर, पेटीला गोविंदराव पटवर्धन. ही माणसं मैफलीत कडेला बसली म्हणून आपल्या आठवणीतही कडेलाच राहिली.

तिसरी पायरी: वाद्य

ढोलपथकातल्या मुलामुलींना मी कायम हीच वाट सांगतो. गणपतीच्या आधी पावसाळ्यात शहरातल्या मोकळ्या मैदानांवर सराव सुरू होतो, तेव्हा 'नाशिक ढोल'चा दणका किती लांबवर जातो हे आपल्याला ठाऊक आहे. असाच सामूहिक ढोल जगात आणखी कुठे वाजतो, हा प्रश्न विचारला की उत्तरं धडाधड येतात. ब्राझीलमधलं साल्वादोर शहर घ्या. तिथलं 'ओलोदुम' हे पथक १९७९ मधलं. मायकल जॅक्सनच्या १९९६ मधल्या एका व्हिडिओत दिसतं म्हणून काहींच्या ओळखीचं असेल. त्याआधीचं, १९७४ मधलं 'इले आयए' ऐका. मग 'दिदा' ऐका: ओलोदुमचा ताल घडवणाऱ्या नेगिन्यो दो साम्बा यांनी १९९३ साली उभं केलेलं, फक्त बायकांचं पथक. आमच्याकडच्या एका बैठकीत मी दिदाचं वादन लावलं, तेव्हा पथकात ढोल वाजवणारी एक मुलगी पहिल्या मिनिटातच स्टुलावर बोटांनी ठेका धरून बसली, आणि गाणं संपल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, 'यांचा टोल कोण वाजवतंय?' ऐकायचं ते असं.

तिथून आफ्रिकेत उतरा. सेनेगलचे दुदू न्द्याए रोज हे सबर या ढोलाचे उस्ताद. त्यांनी आपल्या मुली आणि सुनांचंही पथक बांधलं होतं. सबर एका हातात काठी आणि दुसरा हात मोकळा ठेवून वाजवतात, त्यामुळे टिपरू धरणाऱ्यांना त्यातली गंमत चटकन उमजते. बुरुंडीच्या राजढोलांना युनेस्कोने २०१४ मध्ये आपल्या यादीत घेतलं. जपानच्या सादो बेटावरचा 'कोदो' संच तर आता जगभर फिरतो.

दुसरं उदाहरण आपल्याच डोंगरातलं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, जव्हार या पट्ट्यातला तारपा आणि पावरी. तारप्याला वाळलेल्या दुधी भोपळ्याचं पोट असतं, त्याला बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वादक श्वास तोडत नाही. गालात हवा साठवून ती बाहेर ढकलता ढकलता नाकाने नवा श्वास घेतो, म्हणून नाच चालू असेपर्यंत सूर अखंड राहतो. वाळवंड्याचे भिकल्या धिंडा यांचं वादन यूट्यूबवर सापडतं, तिथून सुरुवात करा. मग इटलीच्या सार्डिनिया बेटावरचं 'लाउनेद्दास' ऐका. बोरूच्या तीन नळ्या एकदम तोंडात, श्वास तोडायचा नाही हीच पद्धत, आणि सोबत गोल धरून नाच. एफिसियो मेलिस आणि दियोनिजी बुर्रांका ही तिथली जुनी नावं. दोन्ही पाठोपाठ ऐकलंत की पेठ तालुका आणि भूमध्य समुद्र यांमधलं अंतर फारसं जाणवत नाही. लाओसचं 'खेन'ही त्याच बसण्यात ऐकून घ्या.

चौथी पायरी: रेडिओ

'रेडिओ गार्डन' हे २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये तयार झालेलं संकेतस्थळ आणि ॲप. समोर पृथ्वीचा गोल, त्यावर हिरवे ठिपके. ठिपक्यावर गेलं की त्या गावचं रेडिओ स्टेशन थेट चालू. राजधान्या टाळा, कारण तिथे बहुतेकदा आपण ऐकतो तेच इंग्रजी पॉप लागतं. लहान गावं निवडा आणि वेळेचा हिशेब ठेवा: आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा पश्चिम आफ्रिकेतल्या मालीत दुपारचे साडेतीन असतात. लंडनचं 'एनटीएस' आणि पॅरिसचं 'फिप' ही दोन स्टेशनं मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. एनटीएसवर झालेल्या कार्यक्रमांसोबत गाण्यांची यादी मिळते, त्यामुळे आवडलेलं गाणं हातातून निसटत नाही. आणि हो, आकाशवाणी नाशिक १०१.४ वर आहेच. लोकसंगीताचा कार्यक्रम लागला की निवेदकाने सांगितलेली नावं लिहून घ्या. ती इंटरनेटवर सहजासहजी सापडणारी नसतात.

पाचवी पायरी: रेकॉर्ड काढणारे

जगात काही लहान लेबलं अशी आहेत की त्यांनी काढलेलं काहीही डोळे मिटून ऐकावं. फ्रान्समध्ये १९९७ पासून निघालेली 'इथिओपिक्स' मालिका मुख्यतः अदिस अबाबातल्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या संगीताची. चौथा भाग मुलातू अस्तात्के यांचा, इथिओपियन जाझचा. एकविसावा भाग एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू या जोगिणीच्या पियानोचा. इथिओपियन संगीतात मुख्यतः पाच सुरांच्याच चौकटी असल्यामुळे भूप, दुर्गा, मालकंस ऐकणाऱ्या कानांना तिथे परकं वाटत नाही. ज्यांना पाश्चात्य संगीत 'जमत नाही', त्यांनाही मी इथूनच आत घेतो.

अमेरिकेतलं 'ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका' हे लेबल जुन्या कॅसेट शोधून मूळ कलाकाराशी करार करून पुन्हा काढतं. हैलू मेर्गिया यांची गोष्ट त्यातली. अदिसच्या नामांकित बँडमधला हा कीबोर्डवादक अमेरिकेत स्थायिक झाला आणि वॉशिंग्टनमध्ये टॅक्सी चालवू लागला. कीबोर्ड गाडीच्या डिकीत ठेवायचा आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत मागच्या सीटवर बसून रियाज करायचा. १९८५ मधली त्याची कॅसेट २०१३ साली पुन्हा निघाली आणि वयाच्या साठीनंतर त्याचे दौरे सुरू झाले.

'साहेल साउंड्स'ने तर मोबाइलची मेमरी कार्डं गोळा केली. उत्तर मालीतल्या किदाल शहरात माणसं ब्लूटूथने आणि कार्डावरून एकमेकांना गाणी देत होती, त्यांतून निवडून संग्रह काढला. मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं आपल्याकडेही होतीच. पण ती कार्डं कुणी जपली नाहीत, याची मला आजही हळहळ वाटते. नायजरचा गिटारवादक मदू मोक्तार बाहेरच्या जगाला प्रथम कळला तो याच मेमरी कार्डांमुळे.

आपल्या देशातही असं बरंच आहे. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी नव्या जपानी यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड खपली नाही. २०१० मध्ये एका डच लेबलने ती पुन्हा काढली, तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगीतातली जाणकार मंडळी चकित झाली. राजस्थानच्या लाखा खान यांची सिंधी सारंगी दिल्लीच्या 'अमारास' लेबलवर मिळते. आणि जगभरच्या लोकसंगीतासाठी 'स्मिथसोनियन फोकवेज' आहे: मूळ कंपनी १९४८ मधली, आणि बऱ्याचशा अल्बमसोबतच्या माहितीपुस्तिका फुकट उतरवून घेता येतात. गाणं ऐकताना पुस्तिका समोर ठेवा, अर्धा अभ्यास तिथेच होतो.

शोधताना टंकायचं काय

'वर्ल्ड म्युझिक' असं टाकू नका. हॉटेलच्या लॉबीत वाजणारं काहीतरी हाती येतं. त्या त्या देशातलं नाव टाका: पेरूची चिचा, थायलंडचं मोलाम, मोरोक्कोचं ग्नावा, झांबियाचं झामरॉक. अशी नावं हवी असतील तर 'एव्हरी नॉइज ॲट वन्स' या संकेतस्थळावर हजारो शैलींचा नकाशा आहे. २०२३ च्या शेवटापासून त्यात नवी भर पडत नाही, पण नावं मिळवायला तो पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट लिपीची. कलाकाराच्या विकिपीडियाच्या पानावरून त्याच्याच भाषेतल्या पानावर जा, तिथलं नाव जसंच्या तसं उचला आणि यूट्यूबवर शोधा. अरबी, अम्हारिक किंवा थाई लिपीत शोधलं की त्या देशातल्या लोकांनी चढवलेली ध्वनिमुद्रणं वर येतात. मराठीलाही हेच लागू. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, १९२२ चा जन्म. त्यांचं नाव देवनागरीत आणि मग इंग्रजी अक्षरांत दोन-तीन प्रकारे टाकून बघा. प्रत्येक वेळी वेगळी गाणी, वेगळे गायक सापडतात. आंबेडकरी जलशांची सगळी परंपरा या एका नावामागे उभी आहे, आणि आपल्याच जिल्ह्यात तिच्याबद्दल अनभिज्ञ असलेले श्रोते खूप आहेत.

ऐकायचं कसं

अनोळखी संगीत पहिल्या ऐकण्यात आवडेलच असं नाही. एक अल्बम आठवडाभर ठेवा, निदान तीनदा सलग ऐका, मग मत बनवा. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करणाऱ्यांना तर साडेतीन तासांच्या आसपास वेळ हातात असतो. चाळीस मिनिटांचा अल्बम तीनदा सहज होतो. फक्त आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून घ्या, इगतपुरीनंतर घाटात नेटवर्कचा भरवसा नाही.

एक वही ठेवा. कलाकार, वाद्य, गाव, साल, लेबल आणि 'कुणामुळे सापडला' एवढंच लिहा. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुढचा धागा तिथूनच निघतो. महिन्यातून एकदा चार जणांना घरी बोलवा. प्रत्येकाने एकच गाणं आणायचं, आधी नावगाव सांगायचं, गाणं चालू असताना कुणी बोलायचं नाही.

पैसे आणि कॅसेट

आवडलेल्या कलाकाराला पैसे द्या. 'बँडकॅम्प'वर अल्बम विकत घेतला तर डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के संकेतस्थळ ठेवतं, पैसे भरण्याचा थोडा खर्च जातो, बाकी कलाकाराला किंवा लेबलला मिळतं. ठरावीक शुक्रवारी संकेतस्थळ आपला वाटाही सोडतं. कार्डाने पैसे भरताना व्यवहार अडला तर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार चालू करा. बहुतेक कार्डांवर ते आधी बंद असतात. डोंगरातल्या पाड्यावर तारपा ऐकायला गेलात तर बिदागी आधी ठरवा आणि विचारल्याशिवाय मोबाइल समोर धरू नका.

घरातल्या माळ्यावर जुन्या कॅसेट असतील तर त्या रद्दीत जाऊ देऊ नका. तमाशातले गायक, शाहीर, गावचे भजनी मंडळ यांची कितीतरी गाणी फक्त कॅसेटवर आहेत. चालू स्थितीतला कॅसेट प्लेअर मिळवा, त्याच्या हेडफोनच्या भोकातून साध्या केबलने संगणकाला जोडा, 'ऑडॅसिटी' हे फुकट सॉफ्टवेअर उघडा आणि वेव्ह स्वरूपात जपून ठेवा. कॅसेट बरीच वर्षं वाजवलेली नसेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. इंटरनेटवर चढवायचं असेल तर कलाकाराला, तो नसेल तर त्याच्या घरच्यांना विचारा. नाव देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांत, दोन्ही लिहा. आणि कव्हरच्या आतल्या बाजूचाही फोटो टाका, वादकांची नावं बहुधा तिथेच छापलेली असतात.